विहीणबाईंचे पाच ग्लास

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझ्या विहीणबाईंनी मला पहिल्यांदा चहाच दिला. सोबत घरी भाजलेली ओटची बिस्किटं आणि लोणी. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, ही बाई लेकीकडे म्हणून गेली आणि भलत्याच नादाला लागली!

लेक एडिंबरोला असते. जावई तिकडचेच, स्कॉटिश. लग्न ठरलं तेव्हा आमच्या गावात जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी झाली, आता सगळ्यांना सवय झाली आहे. जावयांच्या आई एकट्याच राहतात, एडिंबरोच्या उत्तरेला गाडीनं तीन-साडेतीन तासांवर, डफटाउन नावाच्या गावात. वस्ती दोन हजारांच्या आत. मधोमध घड्याळाचा मनोरा, तिथून फुटलेले चार रस्ते, संपलं गाव. पण या एवढ्याशा गावात आणि आसपास व्हिस्कीचे कारखाने इतके, की आपल्याकडे एका गावात तेवढ्या पिठाच्या गिरण्या नसतील. तिकडे त्यांना डिस्टिलरी म्हणतात. गावात शिरलं की एक वास येतो. लापशी शिजत ठेवावी आणि जरा विसरावं, तसा.

लेकीनं गाडीची काच खाली केली आणि म्हणाली, "आई, वास बघ." मी काच वर करायला लावली.

त्याचं कारण सांगते. माझे धाकटे दीर वायरमन होते. हातात कला असलेला माणूस. बंद पडलेला रेडिओ द्या, मिक्सर द्या, पंखा द्या, संध्याकाळपर्यंत सुरू. आणि संध्याकाळ झाली की स्वतः बंद पडायचे. दाराची कडी वाजायच्या आधी वास यायचा. त्या वासानं सगळं घर गप्प व्हायचं, टीव्हीचा आवाजसुद्धा कुणीतरी उठून बारीक करायचं. धाकटी जाऊ सात वाजले की उदबत्त्या लावायची, एक नाही, चार-चार. पोरांना कळू नये म्हणून. पोरांना कळायचंच. पुढे पुढे तर उदबत्तीचा वास आला की पोरं दप्तर उचलून आमच्या खोलीत यायची. भावजी एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. लिव्हर. त्यानंतर जावेनं घरात उदबत्ती लावलेली मी पाहिलेली नाही. देवापुढे फक्त निरांजन.

तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर विहीणबाईंनी टेबलावर पाच ग्लास मांडले, तशी मी लेकीकडे पाहिलं. लेक छताकडे पाहू लागली.

मी घेत नाही, हे सांगितलं. का घेत नाही, तेही सांगितलं. मला इंग्रजी समजतं, पण त्या भागातलं इंग्रजी म्हणजे तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं, म्हणून मध्ये लेक होती. काकांचा विषय आला तिथे सांगता सांगता ती जरा थांबली. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग माझ्यासमोरचा ग्लास बाजूला न करता खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

त्यांचे वडील तिथल्याच एका डिस्टिलरीत कामाला होते. त्या काळी तिकडे कामगारांना रोजच्या रोज कामावरच पेला मिळायचा, पाळी सुरू होताना एक, मध्ये एक, सुटताना एक. काम फार घाणीचं असेल तर आणखी एक. या पद्धतीला 'ड्रॅमिंग' म्हणायचे. ती व्हिस्कीही नव्हे, नुकतीच गाळलेली, पाण्यासारखी स्वच्छ दिसणारी, साठ टक्क्यांच्या वरची दारू. १९७०-८० च्या सुमारास हे सगळीकडे बंद झालं. तोवर माणसं घरी जाताना कशी जात असतील, ते सांगायला नको. "आई खिडकीत उभी राहायची," विहीणबाई म्हणाल्या. "दगडी रस्त्यावर बुटांचा आवाज कसा येतो त्यावरून तिला कळायचं, आज किती झाली आहे. तुम्हाला वास यायचा, आम्हाला आवाज."

"आणि तरी तुम्ही या बाटल्या घरात ठेवता?" मी विचारलं. जरा तिखटपणेच विचारलं.

"या गावात जन्मले. इथल्या शेतात बार्ली पिकते आणि तिची हीच होते. जन्मभर तिला भिऊन कशी राहू?" त्यांनी पुढे तीस वर्षं आल्यागेल्यांना डिस्टिलरी दाखवायचं, समजावून सांगायचं काम केलं. घरात बाटल्या तेव्हापासूनच्या. एक बाटली त्यांना वर्ष वर्ष पुरते. "पिऊ नका," त्या म्हणाल्या. "नाक आहे ना? नुसता वास घ्या. ज्यांची या धंद्यात नावं आहेत तेही बहुतेक तेवढंच करतात."

हे मला खोटं वाटलं, पण खरं निघालं. व्हिस्की पारखणारी माणसं असतात, ती दिवसभरात ओळीनं मांडलेल्या नमुन्यांचा वास घेत फिरतात. नमुन्यात पाणी घालून त्याची दारू निम्म्यावर, म्हणजे साधारण वीस टक्क्यांवर आणतात आणि हुंगतात. पीत बसले तर दुपारी बारालाच नोकरी संपेल! जीभ फक्त गोड, आंबट, खारट, कडू असं ढोबळ सांगते, बाकी सगळं काम नाकाचं. सर्दी झाली की वरण आणि कढी सारखीच लागते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ग्लासही त्यासाठी वेगळा. खाली पोट, वर तोंड निमुळतं, ट्यूलिपच्या कळीसारखा. वास आत कोंडून राहतो. नाक आत खुपसायचं नाही, दारूच्या वाफेनं झिणझिण्या येतात आणि मग काहीच कळत नाही. ग्लास हनुवटीजवळ धरायचा, ओठ किंचित उघडे ठेवायचे आणि हळूहळू वर आणायचा. फोडणी करपली का ते आपण दुसऱ्या खोलीतून जसं पाहतो, तसंच.

आता हे 'सिंगल माल्ट' म्हणजे काय? मला वाटायचं, एकदा गाळलेली ती सिंगल. तसं नाही. एकाच डिस्टिलरीत तयार झालेली, म्हणून सिंगल. आणि माल्ट म्हणजे, मैत्रिणींनो, मोड आणलेलं धान्य! आपण बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतो, नाचणी भिजवतो, फडक्यात बांधतो, मोड आले की वाळवतो, भाजतो, दळतो. तेच बार्लीचं करायचं. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर होऊ लागते, म्हणून तर ते सत्त्व गोडसर लागतं आणि बाळाला पचतं. मोड फार वाढायच्या आत भट्टीवर वाळवून ते थांबवायचे, भरडायचं, गरम पाण्यात ती साखर उतरवून घ्यायची, यीस्ट घालून आंबवायचं आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून बहुतेक ठिकाणी दोनदा गाळायचं. बार्ली, पाणी, यीस्ट. चौथी वस्तू घालायची नाही, रंगापुरता साध्या साखरेचा कॅरॅमल तेवढा कायद्यानं चालतो. म्हणून गडद रंगाची ती जुनी आणि चांगली, असं काही नसतं. मग ओकच्या लाकडी पिंपात स्कॉटलंडमध्येच निदान तीन वर्षं ठेवल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही. बाटलीवर बारा लिहिलं असेल तर आतला सगळ्यात लहान थेंब बारा वर्षांचा.

आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी खपते, तिच्यातली बरीचशी मळीच्या नाहीतर धान्याच्या साध्या स्पिरिटवर बेतलेली असते. युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की हे नाव लावून विकताच येत नाही. आमच्या गावाला साखर कारखाना आहे. मळीचा वास काय असतो, ते गळिताच्या दिवसांत आम्हाला विचारा.

बरं, कृती जर एकच, तर शंभराहून अधिक डिस्टिलऱ्यांच्या चवी वेगळ्या कशा? वरणाची कृती तरी कुठे वेगळी असते? पण सासरचं आणि माहेरचं वरण डोळे मिटून ओळखता येतं. आंबवणं किती तास चाललं, तांब्याचं भांडं बुटकं की उंच मानेचं, गाळताना मधली धार कुठून कुठपर्यंत धरली आणि सुरुवातीची-शेवटची कुठे बाजूला काढली, पिंपात आधी काय होतं आणि धान्य कशावर वाळवलं, या सगळ्यानं फरक पडतो. कायद्यानं स्कॉटलंडचे पाच विभाग पाडले आहेत, लोलँड, हायलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला बेट. पण विहीणबाई म्हणाल्या, नकाशा पाहू नका, नाकानं सांगा.

पहिला ग्लास ऑकेंटॉशनचा. ही ग्लासगोजवळची, लोलँड भागातली. तिथे दोनाऐवजी तीनदा गाळतात, त्यामुळे हलकी. मी ग्लास वर आणला आणि आधी आला तो तोच वास. दाराच्या कडीचा. मी ग्लास खाली ठेवला. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चमच्यानं त्यात पाण्याचे चार थेंब टाकले आणि चकतीनं तोंड झाकून ठेवलं. पाच मिनिटं आम्ही नातवंडांबद्दल बोललो (अजून व्हायची आहेत). मग परत हुंगलं. दारू होतीच, पण मागे काहीतरी होतं. लिंबाची साल. आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा ओला वास. "गवती चहा!" मी म्हटलं. लेकीला याचं इंग्रजी सांगताना नाकी नऊ आले.

पाण्यानं असं का होतं, यावर स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये अभ्यास मांडला होता. संगणकावर त्यांनी पाहिलं, की दारूचं प्रमाण कमी झालं की वासाचे काही कण, विशेषतः धुरकट वासाचे, पृष्ठभागाकडे येतात, म्हणजे नाकाच्या जवळ. विहीणबाईंना हा अभ्यास ठाऊक नव्हता. त्यांना चमचा ठाऊक होता.

दुसरा ग्लास तिथून जवळच्याच कार्डूचा. यात नासपती, पिकत घातलेली केळी आणि मध. केळं कुठून आलं म्हणाल, तर यीस्टमधून. आंबताना जे सुवासिक पदार्थ तयार होतात त्यातला एक अगदी पिकल्या केळ्यातही असतो. आणि गोड, दुधाच्या मिठाईसारखा जो वास येतो तो व्हॅनिलाचा. तो लाकडाचा. अमेरिकेत बर्बन नावाची त्यांची दारू कायद्यानं दर वेळी नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच भरावी लागते. एकदा वापरलेलं पीप त्यांना बर्बनसाठी पुन्हा चालत नाही, ते स्कॉटलंडला येतं. दुसऱ्याची जुनी बरणी आपल्या लोणच्याला!

तिसऱ्या ग्लासावर मी अडकले. हा ग्लेनफार्क्लसचा. १८६५ पासून एकाच घराण्याकडे आहे. ही मुरते शेरीच्या पिंपात. शेरी ही स्पेनमधली द्राक्षाची दारू. मी हुंगलं आणि थेट दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेले. डिंकाच्या लाडवांसाठी खारीक फोडून ठेवलेली, मनुका तुपात फुगलेल्या, जायफळ किसलेलं, लवंगेचं एखादं बोंड आणि तळाशी गुळाचा पाक, अगदी एक क्षण पुढे गेलेला. मी हे सगळं भराभर मराठीत बोलत सुटले. लेक म्हणाली, "आई, हळू." विहीणबाई वहीत उतरवून घेत होत्या. त्यांच्या वहीत त्याच बाटलीपुढे तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं: ख्रिसमसचा केक, संत्र्याचा मुरंबा, नवं चामडं.

एडिंबरोच्या पेंटलंड्स संशोधन केंद्रात १९७९ साली या वासांचं एक चक्र तयार केलं होतं, गोल कागदावर खाने पाडून, फळांचे, लाकडाचे, धुराचे, औषधी असे. सगळ्यांनी एकाच शब्दात बोलावं म्हणून. तसलं चक्र विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात फ्रिजला चिकटवलेलं आहे. मी त्यावर खारीक शोधली, नव्हती. डिंकही नव्हता. त्यांनी पेन्सिलीनं लिहून घेतले, आणि मला मान्य करायला हवं, की बरं वाटलं. चाळीस वर्षं ज्या नाकानं दूध नासलंय का, डाळीला कीड लागली का, पोराच्या अंगाला तापाचा वास येतो का, एवढंच पाहिलं, त्याचं कुणी वहीत टिपून घेईल असं वाटलं नव्हतं.

चौथा टॅलिस्कर, स्काय बेटावरचा. मिरी आणि समुद्राचा खारेपणा. कोकणातल्या बाईला यात सुकटीच्या टोपलीची आठवण येईल. हा मी चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेला लावूनही पाहिला. मागून मिरी खरोखरच चावते.

आणि पाचवा.

लाफ्रॉइगचा ग्लास विहीणबाईंनी टेबलाच्या पार कडेला ठेवला होता, कारण तो जवळ आला की बाकी चौघांचं काही कळत नाही. आयला हे पश्चिमेकडचं वाऱ्याचं, झाडं कमी असलेलं बेट. जळण म्हणून तिथे पीट वापरायचे. पीट म्हणजे हजारो वर्षं पाणथळीत कुजत दबलेलं शेवाळ आणि झुडपं. त्याच्या विटा कापायच्या, गोवऱ्यांसारख्या रचून वाळवायच्या आणि जाळायच्या. त्याच धुरावर मोडाची बार्ली वाळवायची. धूर दाण्यात बसतो तो बसतो, पुढे आंबवून, गाळून, दहा वर्षं पिंपात ठेवूनही जात नाही.

मी ग्लास हनुवटीशीही आणला नव्हता. टिंक्चर आयोडिन, फिनेल, जखमेची पट्टी. भावजी शेवटचे अकरा दिवस ज्या वॉर्डात होते, त्याच्या बाहेरच्या बाकाचा वास. जाऊ त्या बाकावर बसून असायची आणि मी डबा घेऊन जायचे. मला उठून मागच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं.

विहीणबाई थोड्या वेळानं आल्या. त्यांच्या हातात ग्लास नव्हता, माझी शाल होती. उन्हाळा असूनही तिकडे रात्री थंडी असते. लेक आतच थांबली होती, तेव्हा आम्ही आपापल्या इंग्रजीत बोललो. त्या म्हणाल्या, हा वास पुष्कळांना दवाखान्याचा वाटतो. धुरातले जे पदार्थ आहेत त्यांचे सख्खे भाऊ जंतुनाशकात असतात, नाक चुकलेलं नाही. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा ही औषध म्हणून विकली जायची असंही सांगतात.

आणि मग त्यांनी मला बेसीची गोष्ट सांगितली. बेसी विल्यमसन ही ग्लासगोची पदवीधर मुलगी. १९३४ साली उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून लाफ्रॉइगला आली. मालक इयान हंटर, हेकट म्हणून प्रसिद्ध. बेसी परत गेलीच नाही. १९३८ मध्ये हंटर यांना झटका आला आणि कारभार हळूहळू तिच्याकडे आला. महायुद्धाच्या काळात लष्करानं जागा घेतली, ते दिवस तिनं निभावले. १९५४ मध्ये हंटर वारले तेव्हा डिस्टिलरी तिच्या नावावर करून गेले. बेटावरच्या पुरुषांच्या धंद्यात एक बाई मालकीण, आणि १९७२ ला निवृत्त होईपर्यंत ती कामात होती. "दवाखान्याचा वास तुम्हाला येतो," विहीणबाई म्हणाल्या, "तिला ऑफिसचा येत असेल."

मला हसू आलं. आत जाऊन पुन्हा हुंगलं, पाणी घातलेलं. आयोडिन होतंच, ते कुठे जात नाही. पण त्याच्या मागे चुलीच्या आरात भाजलेलं रताळं होतं, साल करपलेलं, आतून गोड. आईच्या घरचं.

दुसऱ्या दिवशी कार्डूला गेलो. तिथली गोष्ट तर आपल्याकडच्या बायकांनी ऐकावी अशीच. हेलन कमिंग ही शेतकऱ्याची बायको. परवाना काढून दारू गाळणं त्या काळी लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून सगळा डोंगर चोरून गाळायचा. हेलनच्या नवऱ्याला १८१६ मध्ये त्याबद्दल शिक्षाही झाली होती. गाळायचं काम मुख्यतः हेलनचंच. अबकारीचे अधिकारी आले की ती हाताला पीठ माखून दारात जायची, पाव करतेय म्हणून सांगायची. आंबवण्याचा वास तसाच, कोण ओळखणार? त्यांना जेवायला बसवायची आणि मागच्या मागे गोठ्यावर लाल निशाण चढवायची, म्हणजे खोऱ्यातल्या बाकीच्यांनी आपापली भांडी लपवावीत! १८२३ मध्ये कायदा बदलला, पुढच्याच वर्षी या जोडप्यानं परवाना घेतला. पुढे सून एलिझाबेथ. तिचा नवरा १८७२ मध्ये वारला. पदरात मुलं, आणि तिनं डिस्टिलरी चालवली, १८८५ च्या सुमारास शेजारी नवी बांधली. जुनी तांब्याची भांडी आणि सामान तिनं जेमतेम १२० पौंडांना विल्यम ग्रँट नावाच्या माणसाला विकलं. त्यानं त्यावर डफटाउनमध्ये सुरू केली ती ग्लेनफिडिक, जगभर खपणाऱ्या सिंगल माल्टमधली एक. १८९३ मध्ये एलिझाबेथनं कार्डू जॉन वॉकरच्या कंपनीला विकली, पण कारभारात घराण्याचा हात राहील अशी अट घालून.

आज तर या धंद्यातली कितीतरी मोठी नाकं बायकांची आहेत. ड्यूअर्सच्या मुख्य पारखी २००६ पासून स्टेफनी मॅक्लाउड. जॉनी वॉकरचं तेच पद २०२२ पासून एमा वॉकर यांच्याकडे, नाव सारखं असलं तरी नात्यातल्या नव्हेत. ग्लेनड्रोनाकच्या रेचल बॅरी मूळच्या रसायनशास्त्राच्या. बाईच्या नाकाबद्दल आपण घरात कौतुकानं बोलतो, तिकडे पगार देतात.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे स्कॉच चांगली आणि देशी वाईट. तसं मला म्हणायचं नाही. दारूचं कितीही कमी प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. खुद्द स्कॉटलंड दारूनं इतकं पोळलं, की २०१८ पासून सरकारनं ठरावीक किमतीच्या खाली दारू विकायलाच बंदी केली, आणि २०२४ मध्ये ती किंमत वाढवली. आपल्याकडे आडव्या बाटलीला मत देऊन बायकांनी दुकानं बंद पाडली, त्यात आमच्या गावच्याही होत्या, मी होते. ते मत मी आजही तसंच देईन. विहीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बाटलीचं ते चिन्ह कागदावर काढून मागितलं.

त्यांच्या कपाटात गोव्याची एक बाटली होती, पॉल जॉन, कुंकळ्ळीची. २०१२ पासून ती तिकडे विकली जाते. त्याआधी २००४ मध्ये बंगळुरूची अमृत थेट ग्लासगोमध्ये जाऊन उतरली होती. पिंपातली व्हिस्की दर वर्षी थोडी हवेत उडून जाते, स्कॉटलंडमध्ये साधारण दोन टक्के. त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्याच्या उकाड्यात हा वाटा कितीतरी पट जास्त, पण लाकडाचा गुणही तितक्याच घाईनं उतरतो, म्हणून आपल्याकडची माल्ट बारा वर्षं ठेवत नाहीत. "तुमचे देवदूत फार पितात," विहीणबाई म्हणाल्या.

निघताना त्या बाटली देत होत्या. मी नको म्हटलं. मग त्यांनी जुन्या पिंपाच्या फळीचा एक तुकडा दिला, वीतभर, एका बाजूनं जळून काळा झालेला.

घरी आल्यावर चार दिवसांनी जाऊ आली. तुकडा टेबलावर होता. तिनं उचलला आणि आपण कुठलीही वस्तू उचलल्यावर करतो तसा नाकाशी नेला. "तिळाच्या वड्यांचा पाक पुढे गेल्यासारखा वास येतोय. कसलं लाकूड गं ताई?"

सांगावं की न सांगावं, असं झालं. सांगितलं.

तिनं तो खाली ठेवला नाही. काळी बाजू वर करून पाहिली. "ह्यांच्या बाटलीत असायची तेवढीच असते का यात?"

"त्यांच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असायचं. यात चाळीस."

"म्हणजे तेवढीच." ती जरा वेळ गप्प बसली. "मग एवढे वास कशाला घालतात?"

घालत नाहीत, मी म्हटलं, येतात. बारा-बारा वर्षं पिंपात ठेवून देतात, हात लावत नाहीत.

"बारा वर्षं हात लावत नाहीत?" ती म्हणाली, आणि हसली. मग चहा टाकायला उठली.

जाताना तुकडा मागून घेऊन गेली. परवा तिच्याकडे गेले तेव्हा मसाल्याच्या डब्याशेजारी त्याचा काळा डाग होता, तुकडा नव्हता. विचारलं तर म्हणाली, "धाकट्यानं कॉलेजात नेलाय. केमिस्ट्रीच्या मॅडमना हुंगायला द्यायचाय म्हणे."